चालती भिंत आणि तिच्यावरचा भार

मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी ‘पातळ भिंतीवर वस्तू पक्की कशी बसवावी’ हा विषय निवडावा, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते ते गुरुजी आपल्या शाळेत हस्तव्यवसाय शिकवीत. हातात हातोडी घेण्यापूर्वी भिंत बोटांनी ठोकून तिचा आवाज ऐकावा, हा त्यांचा पहिला पाठ होता. आम्ही पुढे भाषेचे, हिशेबाचे, कायद्याचे विद्यार्थी झालो. तो पाठ मात्र कोणी विसरले नाही. त्या पाठाचेच थोडे विवरण आज करावे, असा माझा हेतू आहे. विवरणासाठी उदाहरण घेतले आहे ते अमेरिकेतील घरगाडीचे. कारण पातळ भिंतीची कसोटी तिच्याइतकी कठोरपणे दुसरीकडे कोठे लागत असेल, असे मला वाटत नाही.

ज्ञानदेवांनी भिंत चालविली ही कथा आपण बाळपणापासून ऐकत आलो. अमेरिकेत मुलीकडे राहिलो असता चारही भिंती चालणारे घर मी पाहिले. तेथे त्यास ‘रिक्रिएशनल व्हेइकल’ किंवा थोडक्यात ‘आर. व्ही.’ म्हणतात, मी त्यास घरगाडी म्हणतो. काही घरगाड्या स्वतःच्या इंजिनावर चालतात, काही मोटारीमागे जोडून ओढल्या जातात. स्वयंपाकाचा ओटा, झोपण्याचे फलक, न्हाणीघर, कपाटे असा सारा संसार त्यांत असतो. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट हे गाव या धंद्याचे मुख्य केंद्र. हॉली बोलस या विमान बांधणाऱ्या कारागिराने १९३४ मध्ये अॅल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटांनी जोडून ‘रोड चीफ’ नावाची ओढगाडी तयार केली आणि १९३६ मध्ये वॉली बायम यांच्या ‘एअरस्ट्रीम’ कंपनीने ‘क्लिपर’ ही तशाच धर्तीची गाडी आणली. घरगाडीची भिंत ही घराच्या भिंतीपेक्षा विमानाच्या कायेशी अधिक नाते सांगते, हे या इतिहासावरून ध्यानात येईल.

आता आपली जुनी भिंत आठवा. वाड्याची भिंत हातभर जाड असे. तिच्यात कोनाडा, देवळी, फडताळ ही स्थाने बांधतानाच सोडलेली असत. म्हणजे वस्तू भिंतीवर लटकत नसे, ती भिंतीच्या पोटात बसे. जी खुंटी बाहेर येई तिचे मूळही बांधकामाच्या वेळीच खोल चिणलेले असे. त्यामुळे वस्तू खुंटीला टांगली की माणूस निश्चिंत होई. पातळ भिंतीने ही निश्चिंती नाहीशी केली. येथे भिंतीला पोट नाही, केवळ कातडी आहे. आणि कातडीला टांगलेली वस्तू कातडी ओढून काढते.

घरगाडीच्या भिंती मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात सुमारे दीड इंच जाडीच्या लाकडी पट्ट्यांचा सांगाडा असतो. बाहेरून त्यावर पन्हळी अॅल्युमिनियमचा पत्रा, मधल्या पोकळीत काचतंतूंचा कापूस आणि आतून प्लायवूडचा पातळ तक्ता. हा आतला तक्ता बहुधा ‘ल्युआन’ नावाच्या प्लायचा, जेमतेम ३ मि.मी. जाडीचा. ल्युआन ज्या झाडांपासून मिळते ती शोरिया या प्रजातीची आग्नेय आशियातील झाडे. आपला साल वृक्षही त्याच प्रजातीत मोडतो. दुसऱ्या प्रकारात अॅल्युमिनियमच्या पोकळ नळ्यांचा सांगाडा, त्यांमध्ये घट्ट फोमचे ठोकळे आणि दोन्ही अंगांस पातळ तक्ते हे सारे दाबाखाली एकत्र चिकटवून एकच फळी केलेली असते. दोन्ही प्रकारांत भिंतीची एकूण जाडी फार तर दोन इंचांच्या आसपास. तिच्यातूनच विजेच्या तारा आणि काही ठिकाणी पाण्याच्या नळ्याही गेलेल्या असतात.

अशा ३ मि.मी. तक्त्यात साधा स्क्रू पिळला तर त्याचे एक किंवा दोनच आटे लाकडात धरतात. उरलेला स्क्रू पोकळीत अधांतरी राहतो. पहिल्या दिवशी वस्तू पक्की वाटते. घरगाडी रस्त्यावर निघाली की खरी परीक्षा सुरू होते. आपण वजन म्हणतो ते उभ्या गाडीतले. गाडीचा तळ गुरुत्वत्वरणाइतक्या त्वरणाने वर उसळला तर फळीवरची वस्तू त्या क्षणापुरती दुप्पट जड होते. ब्रेक लागला की तीच वस्तू पुढे ओढ घेते, वळणावर बाजूला. शिवाय तासन्तास चालणारी बारीक थरथर आट्यांभोवतीचे लाकूड कुरतडून भोक मोठे करते. एका परिचित कुटुंबाच्या गाडीत मसाल्याच्या बरण्यांची मांडणी दोन स्क्रूंवर टांगलेली होती. पहिल्याच प्रवासात ती तक्त्याच्या चकत्यांसह खाली आली. ओट्यापाशी त्या वेळी कोणी नव्हते म्हणून केवळ हळद सांडली. घरगाडीत बहुधा अशा फळीच्या खालीच मुलांचा बिछाना असतो. म्हणून हा विषय टापटिपीचा नसून सुरक्षिततेचा आहे.

येथे तरफेचा नियम आठवला पाहिजे. भिंतीवरच्या फळीवर दोन प्रकारची बले येतात. एक, वस्तूला सरळ खाली नेणारे. हे स्क्रूला आडवे कापू पाहते आणि ते स्क्रू सहसा सोसतो. दुसरे, वरच्या स्क्रूला भिंतीतून उपटणारे. पातळ भिंतीचा घात हेच करते. समजा, फळी २० सें.मी. रुंद आहे आणि तिच्यावर ६ किलो पुस्तके आहेत. भाराचा मध्य भिंतीपासून १० सें.मी. अंतरावर आला. फळीखालच्या कोनाची उभी भुजा जर ५ सें.मी. असेल, तर तिचे खालचे टोक टेकू होते आणि वरच्या स्क्रूवर १० गुणिले ६ भागिले ५, म्हणजे १२ किलोंची उपट येते. तीच भुजा २० सें.मी. केली की उपट ३ किलोंवर येते. वर सांगितलेला उसळीचा क्षण धरला तर हेच आकडे २४ आणि ६ होतात. स्क्रू तोच, भिंत तीच. केवळ भुजेच्या लांबीने चौपट फरक पडला. तेव्हा पहिले दोन नियम असे की, फळी अरुंद असावी आणि कोनाची उभी भुजा लांब असावी.

तिसरा नियम सांगाडा शोधण्याचा. भार शक्यतो सांगाड्यावरच द्यावा. अमेरिकेतील घरांत उभ्या पट्ट्या बहुधा १६ इंचांच्या अंतराने असतात. घरगाडीत ही नियमितता गृहीत धरता येत नाही. बोटांनी ठोकत गेल्यास पोकळ जागी भरड आवाज येतो, पट्टीवर तो आखूड आणि घट्ट होतो. लहानसे लोहचुंबक दोऱ्याला बांधून भिंतीवरून फिरवावे. अॅल्युमिनियम किंवा लाकूड चुंबकाला दाद देत नाही, परंतु तक्ता जखडणाऱ्या लोखंडी पिना किंवा स्क्रू त्याला ओढतात आणि पट्टीची रेषा कळते. याहून उत्तम म्हणजे गाडी बनविणाऱ्याकडून भिंतीचा नकाशा मागवावा. दूरदर्शन संच टांगण्याच्या जागी पुष्कळदा आत जाड प्लाय किंवा पत्रा आधीच घातलेला असतो. तारांच्या व नळ्यांच्या वाटाही त्यातून कळतात.

सांगाडा लाकडी असेल तर स्क्रूच्या गाभ्यापेक्षा किंचित बारीक भोक आधी पाडावे आणि शेवटचे फेरे हातानेच पिळावेत. यंत्राने पिळल्यास मऊ लाकडातील आटे नकळत जातात. अॅल्युमिनियमच्या नळीची भिंत पातळ असल्याने तीत रिव्हेट किंवा आटे असलेला रिव्हेट-नट अधिक विश्वासाचा. स्क्रूची लांबी मात्र मोजून घ्यावी. बसवायच्या वस्तूची जाडी आणि भिंतीची जाडी यांच्या बेरजेपेक्षा ती स्पष्टपणे कमी हवी. स्क्रूचे टोक बाहेरच्या कातडीतून निघाले तर त्या छिद्रातून पाणी शिरते, तक्ते सुटू लागतात, लाकूड कुजते. आणि हे सारे आतल्या आत घडत असल्याने फार उशिरा दिसते.

जेथे सांगाडा सापडत नाही तेथे पोकळ भिंतीचे बोल्ट वापरतात. एकात पंख मिटून भोकातून आत जातात आणि पलीकडे उघडतात. दुसऱ्यात धातूची नळी पिळताना छत्रीसारखी फुगून तक्त्याला मागून धरते. तिसऱ्यात रबरी नळी फुगते. रबर थरथर पिऊन टाकते, म्हणून हलक्या वस्तूंना ती चालत्या गाडीत विशेष उपयोगी. तत्त्व एकच: आट्यांच्या पकडीऐवजी तक्त्याच्या मागून टेकण. फोम भरलेल्या भिंतीत मात्र पंख उघडायला जागा नसते. तेथे थोडा फोम कोरून काढावा लागतो. आणि बोल्ट कितीही उत्तम असला तरी तो ३ मि.मी. तक्त्यालाच धरून आहे, हे विसरू नये.

यावरचा सर्वांत शहाणपणाचा उपाय भार पसरविण्याचा. १२ मि.मी. जाडीची प्लायची पट्टी दोन उभ्या पट्ट्यांना पुरेल इतकी लांब घ्यावी, ती दोन्हीकडे सांगाड्यात जखडावी आणि मग फळी, खुंट्या, दिवा जे काही असेल ते त्या पट्टीवर कोठेही बसवावे. ज्याला भार सोसतो त्याच्यापर्यंत तो पोहोचविणे, एवढेच या पट्टीचे काम. चांगल्या संस्थेत मधली माणसे हेच करीत असतात.

चिकटपट्टीचाही विचार करू. ‘थ्री-एम’ कंपनीने १९८० मध्ये आणलेली ‘व्ही. एच. बी.’ ही दुहेरी पट्टी घरगाड्यांत पुष्कळ वापरली जाते. स्थिर भारासाठी दर पौंडास ४ चौरस इंच, म्हणजे दर किलोस सुमारे ५७ चौरस सें.मी. पट्टी लावावी असा तिचा हिशेब आहे. २ किलोंच्या वस्तूस २.५ सें.मी. रुंदीची पट्टी सुमारे ४५ सें.मी. लागते. पृष्ठभाग आधी स्वच्छ पुसावा, पट्टी जोराने दाबावी आणि पूर्ण पकड येण्यास ७२ तास द्यावेत. परंतु घरगाडीच्या तक्त्यावर बहुधा नक्षीचा विनाइल कागद चिकटविलेला असतो. पट्टी कागदाला घट्ट धरते आणि कागदच तक्त्याला सोडतो. पकड तिच्या सर्वांत दुबळ्या थराइतकीच असते. म्हणून पट्टीवर आरसा किंवा काच टांगू नये. हलका दिवा, हातपुसण्याची कडी यांपुरतीच ती ठेवावी.

शेवटचा नियम वर्ज्य करण्याचा. जड वस्तू जमिनीजवळ, हलक्या वर. प्रवासात जे उतरवून ठेवता येते ते उतरवून ठेवावे. निजणाऱ्याच्या डोक्यावर शक्यतो काहीच असू नये; असलेच तर ते सांगाड्यावर जखडलेले, पुढे कठडा असलेले आणि मऊ वस्तूंचेच असावे. दर प्रवासानंतर प्रत्येक स्क्रू एकदा हाताने तपासावा. ढिला झालेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा आवळून पकड परत येत नाही. आटे गेलेले असतात. जागा बदलावी किंवा मागे आधार द्यावा.

हे सारे अमेरिकेचे झाले असे कोणी म्हणेल. पण आपल्या गावात काय चालले आहे ते पाहा. वाडे उतरले, त्यांच्या जागी सदनिका आल्या. कार्यालयांत, दवाखान्यांत आणि शाळांतही मोठ्या दालनांचे लोखंडी पन्हळींवर साडेबारा मि.मी.चे जिप्समचे तक्ते ठोकून भाग पाडले जातात. रंग दिला की ही भिंत विटांच्या भिंतीसारखीच दिसते आणि आपण जुन्या सवयीने तिच्यावर पंखा, फळा, पुस्तकांची मांडणी टांगतो. ती धावत नाही एवढेच. परंतु दारे आपटतात, पंखे थरथरतात आणि मुले मांडणीला लोंबकळतात. मुलाचे वजन कोणत्याही हिशेबात धरलेले नसते.

आपल्या शाळेतही दालनांचे असे भाग पडणार असतील, तर व्यवस्थापनास माझी एक विनंती आहे. भिंत दोन्ही बाजूंनी मिटण्यापूर्वी कोणत्या ठिकाणी काय टांगायचे ते ठरवावे आणि त्या जागी सांगाड्याला जाड प्लायच्या पट्ट्या आतून जखडून घ्याव्यात. त्या पट्ट्यांची मापे जमिनीपासून मोजून कागदावर उतरवावीत आणि तो कागद कार्यालयात जपून ठेवावा, म्हणजे वीस वर्षांनी येणाऱ्या शिक्षकालाही भिंतीच्या पोटात काय आहे ते कळेल. याला खर्च थोडा येतो. भिंत मिटल्यावर मात्र तेच काम अनेक पटींनी महाग पडते. आणि शाळेतील एक तास हस्तव्यवसायासाठी पुन्हा राखता आला तर मुलांना भिंत ठोकून ऐकायला शिकवावे. गुरुजींचे स्मरण त्या तासाला आपोआप होईल.