नव्वद दिवसांची वही

नंदुरबारहून पुण्यात आलेला आपला तरुण सकाळी वारज्याच्या मजूर अड्ड्यावर उभा राहतो. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील मजुरांसारखी तोही बोलावण्याची वाट पाहतो. काम मिळते, पण ठेकेदार रोज नवा, पुरावा कुठेच नाही. कायद्यानुसार १८ ते ६० वयाच्या बांधकाम मजुराने वर्षभरात ९० दिवस काम केले असल्यास त्याला कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. मुलांची शिष्यवृत्ती, मजूर दगावल्यास कुटुंबाला मदत, ही नोंदणी असेल तरच मिळते. म्हणून रोजची तारीख, कामाची जागा, ठेकेदाराचे नाव वहीत लिहा आणि मजुरी घेतानाच त्याची सही घ्या. पुढे ९० दिवसांचे प्रमाणपत्र मागताना ही वहीच तुमच्या बाजूने बोलेल. गावाहून निघणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पिशवीत भाकरीसोबत एक वहीही ठेवा.