वाट्याला आलेली हलगी

सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या मैदानात जोड लागायच्या आधी हलगी लागते. पैलवान मातीला हात लावून कपाळाला लावतात, सलामी झडते, तोवर ठेका ठाय लयीत असतो. खडाखडी सुरू झाली की हलगीवाला जरा सरकून पुढे येतो. पट निघाला, कुणी कब्जा घेतला, की लय चढते आणि दगडांवर, झाडांवर बसलेली माणसं नकळत उठून उभी राहतात. कुस्ती बराच वेळ नुसती अडकून पडली तर हलगीच आधी कुरकुरते, तिच्या मागोमाग गर्दी. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं. त्या कुस्तीची मुळं ज्या मातीत आहेत, तिथे तालीम, खुराक आणि वस्ताद यांच्याइतकीच हलगीही मुरलेली आहे. कुस्तीवर आपण पुष्कळ लिहिलं. मैदानाच्या कडेला दुपारभर उभं राहून हात चालवणाऱ्या माणसावर फारच थोडं.

हलगी सहसा एकटी नसते. सातारा, सांगली आणि शेजारच्या कोल्हापुरात हलगी, घुमकं आणि कैताळ असा ताफा जमतो, ऐपत असेल तर सोबत सनई. वरचा कडक आवाज हलगीचा, खालून भरणारा घुमक्याचा, आणि दोन्हींना कडा लावणारी काशा-पितळेची जाड कैताळं. याउलट पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रात तालवाद्यं सगळ्यात मागच्या रांगेत असतात आणि बराच वेळ गप्पही. त्यातला मोठा ढोल, झांजा आणि त्रिकोण तिथे पोचले ते तुर्की फौजेच्या वाद्यवृंदाकडून. मोझार्टने १७८२च्या एका ऑपेरात तो तुर्की ठसका मुद्दाम वापरला. टिंपनीचं मूळ पश्चिम आशियातल्या नगाऱ्यात, म्हणजे आपल्या देवळांच्या नगारखान्यातल्या नगाऱ्याची ती लांबची बहीण. ऑर्केस्ट्रातला तालवादक एका मैफलीत दोन-तीन वाद्यं हाताळतो. त्याला तुझं आवडतं वाद्य कोणतं असं विचारलं, तर त्याच्याकडे उत्तर असतं, कारण निवड त्याची असते.

आपल्याकडे या प्रश्नाला पिढ्यान् पिढ्या अर्थच नव्हता. हलगी आवडते म्हणून कुणी गळ्यात अडकवली नाही. ती मांगवाड्याच्या आणि महारवाड्याच्या वाट्याला आलेली होती. पाटलाच्या घरचं लग्न, बेंदराच्या बैलांची मिरवणूक, देवीची जत्रा, चावडीची दवंडी, मयताची वाट, सगळीकडे हलगी लागे. मोबदला म्हणजे सुगीतलं बलुतं आणि उरलंसुरलं अन्न. वाजवणारा मिरवणुकीच्या सगळ्यात पुढे चालायचा, देवळाशी पोचल्यावर मात्र बाहेर थांबायचा. चामडं विटाळाचं आणि त्यातून निघणारा आवाज शुभ, ही सोय गावाने आपल्यापुरती लावून घेतली होती.

याच साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचं नाव सरकारी हायस्कुलात दाखल झालं. ते आजचं प्रतापसिंह हायस्कूल. पुढे त्यांनी गावकीची अपमानाची कामं टाकून द्या असं सांगितलं, आणि १९५६च्या धर्मांतरानंतर अनेक बौद्ध कुटुंबांनी मेलेली ढोरं ओढण्याबरोबर वाजवणंही सोडलं. त्यामुळे कला बुडाली, अशी हळहळ अधूनमधून ऐकू येते. ती मला पटत नाही. ज्या घरात हलगी म्हणजे हुकूम होता, त्या घराने ती खुंटीवरून काढून टाकली यात कलेचा अपमान नव्हता. ज्यांनी ती ठेवली, त्यात मातंग समाजातली घरं पुष्कळ, त्यांनी बलुत्याऐवजी सुपारी घ्यायला सुरुवात केली. आधी रक्कम ठरवायची, मगच निघायचं. हा बदल कागदावर लहान दिसतो. पण वाजवायचं की नाही हे पहिल्यांदा वाजवणाऱ्याने ठरवलं.

आता वाद्याकडे नीट बघू. हातभर व्यासाच्या आतलं लाकडाचं किंवा लोखंडाचं कडं आणि त्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं, बस्स. डावा हात कड्याला आधारही देतो आणि त्याच हाताच्या बोटांत धरलेली बारीक लवचिक काडी कडेजवळ तडतडते. उजव्या हातातलं आखूड, जाड टिपरू मधल्या भागावर बसतं. एकाच कातडीवर हे दोन आवाज एकमेकांना प्रश्न टाकत राहतात. वाजवायच्या आधी काटक्यांचा, पाचटाचा नाहीतर कागदाचा जाळ करून हलगी शेकतात. कातडी आचेला धरायची, फिरवायची, बोटाने टिचकी मारून ऐकायचं, परत धरायची. ओलावा निघून गेला की कातडी आवळते आणि मघाशी भदभद करणारं वाद्य कडाडायला लागतं. जास्त शेकलं तर कातडी फाटते, कमी शेकलं तर दोन गल्ल्या ओलांडेपर्यंत आवाज बसतो. आषाढात तर मिरवणूक थांबवून दर थोड्या वेळाने जाळ करावा लागतो. ही पारख कुठल्या वर्गात शिकवत नाहीत, बापाच्या शेजारी जाळापाशी बसून ती येते.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२०च्या सुमारास तबला-मृदंगाचा अभ्यास करून दाखवलं की पुडीवरच्या शाईमुळे चामड्याचे विस्कळीत उपस्वर सुरेल क्रमात येतात. म्हणून तबला सुरात लावता येतो. हलगीला शाई नाही. तिचे उपस्वर विस्कटलेलेच राहतात, आणि म्हणूनच तिचा आवाज कुठल्याही सुरात न विरघळता गर्दी, धूळ आणि आरडाओरडा कापत पलीकडे पोचतो. शास्त्रीय संगीताने याला उणेपण मानलं असेल. उघड्या माळावरच्या वाद्याला मात्र नेमकं हेच हवं.

अलीकडे फायबरची हलगी आली. प्लास्टिकची पुडी, नटबोल्टने आवळायची, जाळ नको आणि पावसाची भीती नको. तरुण पोरांच्या हातात बहुतेक हीच दिसते. ती कडक वाजते, पण कातडीच्या आवाजातला खालचा भरदारपणा तिच्यात कमी. तरीही तिच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. चामड्याचा संबंध तुटल्यावर, जी पोरं पूर्वी हलगीला हात लावायला कचरली असती तीही ती उचलू लागली. यातलं चांगलं कोणतं आणि खेदाचं कोणतं, हे एका वाक्यात सांगता येणार नाही.

आवडीपायी आपली वाट सोडणारा एक माणूस याच भागात झाला. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६चा. ढोलकीच्या नादाने ते तमाशात गेले, पठ्ठे बापूराव झाले, आणि जातीने व घराने त्यांना बाहेर काढलं. ब्राह्मणाने ढोलकीच्या फडात जाणं हे पातक, आणि मांगाने तिथे असणं मात्र स्वाभाविक. दोघांनाही निवड नाकारणारा नियम एकच होता. तमाशात हलगीला कडं म्हणतात. खेळ सुरू होताना ढोलकीवाला आणि कडंवाला समोरासमोर उभे राहतात. ढोलकीने एक तुकडा टाकायचा, कड्याने तो तसाच्या तसा परत द्यायचा, मग थोडा वाढवून द्यायचा. पंचाईत अशी की ढोलकीला शाई आहे, घुमारा आहे, मींड काढता येते. कड्याकडे फक्त कोरडा कडकडाट. तरी चांगला कडंवाला तेवढ्यावर बोलून दाखवतो. गण-गौळणीच्या आधीची ही सलामी ऐकायला कवलापूरच्या काळू-बाळूंच्या फडासमोर लोक वेळेआधी येऊन बसत. त्या जोडीच्या विनोदावर बोलणारे आजही भेटतात. सलामी वाजवणाऱ्यांची नावं मात्र विचारावी लागतात.

पूर्वेला आटपाडी, जत, कवठे महांकाळ आणि साताऱ्याच्या माणकडे गेलं की पाऊस कमी होतो आणि ढोल मोठे होतात. तिथे राज्य धनगरी ढोल-कैताळांचं. आरेवाडीच्या बनात बिरोबाच्या यात्रेला ढोलांचे ताफे येतात. पांढरा घोळदार अंगरखा, डोक्याला फेटा, हातात रंगीत रुमाल असे गजी नर्तक रिंगण धरतात आणि ढोलाच्या घाईवर पावलं बदलतात. ढोलवाला नुसता उभा राहून वाजवत नाही. एवढं मोठं धूड गळ्यात घेऊन तो वाकतो, गिरकी घेतो, आणि लय एका मात्रेनेही सुटू देत नाही. इथे ढोल कुणी दुसऱ्याने लादलेला नाही. देव आपला, मेंढरं आपली, ढोलही आपला. म्हणूनच असेल, हलगीच्या बाबतीत दिसणारा संकोच धनगरी ढोलाच्या वाट्याला आला नाही.

मिरजेची गोष्ट याहून वेगळी. तिथल्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम सोडून सतार-तंबोरे करायला घेतले, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या वास्तव्याने गावाचं नाव गाण्याशी जोडलं गेलं, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ते योग्यच झालं. पण भोपळा निवडणाऱ्या कारागिराला मिळालेला मान कातडं कमावून कड्यावर चढवणाऱ्याला मिळाला नाही, हेही त्याच जिल्ह्यातलं वास्तव आहे.

पडद्यावर मात्र हलगीचे दिवस पालटले. ‘फँड्री’तला जब्या झालेला सोमनाथ अवघडे हा सोलापूर जिल्ह्यातला मुलगा दिग्दर्शक नागराज मंजुळे यांच्या नजरेला पडला तो हलगी वाजवतानाच. पुढे ‘सैराट’साठी संगीतकार अजय-अतुल यांनी लॉस एंजलिसमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा बसवला, आणि त्याच चित्रपटाच्या गावरान ठेक्यावर वराती नाचल्या.

आपल्या शाळा मात्र अजून तिथे पोचलेल्या नाहीत. सव्वीस जानेवारीला गावोगावच्या शाळांचं बँडपथक निघतं तेव्हा साईड ड्रम, मोठा ड्रम, त्रिकोण आणि झांजा या चार गोष्टी असतात, आणि कोणतं वाद्य कुणी घ्यायचं यावरून मुलामुलींत रस्सीखेच होते. लेझमाला मात्र हलगी लागते, ती वाजवायला बाहेरून माणूस बोलावतात, आणि कवायत संपली की तो निघून जातो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली होती. त्या जिल्ह्यातल्या शाळांनी बँडच्या कपाटात साईड ड्रमशेजारी दोन हलग्या आणि कैताळांची एक जोडी ठेवावी. लेझमासाठी बोलावलेल्या त्या माणसाला शिक्षक म्हणून नेमावं, मानधन द्यावं आणि हजेरीपटावर त्याचं नाव लिहावं. मग कुठल्याही घरातल्या मुलीने ड्रम सोडून हलगी मागितली, तर ती तिला मिळावी.