बाळंतिणीला विचारणार कोण?

हिंगोली जिल्ह्यातल्या वाडी-वस्तीवर ओल्या बाळंतिणीच्या दारापर्यंत सरकारतर्फे कोणी पोहोचत असेल तर ती आशाताई आणि उपकेंद्राची सिस्टर. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताईने 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जायचे असते. बाळाचे वजन होते, ताप पाहिला जातो, दूध पुरते का ते विचारले जाते. आईच्या दंडावरच्या वळाबद्दल मात्र विचारायचे राहून जाते.

त्यातही गोम अशी की पहिले बाळंतपण बहुधा माहेरी. या भेटी संपतात तेव्हा बाई अजून आईच्या सावलीत असते. मार सुरू होतो तो सासरी परतल्यावर. मुलगी झाली म्हणून, शरीर नकार देते म्हणून. 2018 पासून तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातही आशाताईच्या भेटी ठरल्या आहेत. खरी विचारपूस तेव्हा हवी, आणि लसीकरणाच्या दिवशी सिस्टरकडून हवी, सासूला बाळासह बाहेर बसवून. सासूदेखत 'बरं आहे' याखेरीज दुसरे उत्तर मिळत नाही.

मुंबईत हे झाले आहे. 2000 साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका व 'सेहत' संस्थेने 'दिलासा' केंद्र उघडले. मार खाल्लेली बाई ओळखायला तिथे परिचारिकांनाच शिकवले गेले. मग हिंगोलीच्या बाळंतिणीने काय गुन्हा केला? 1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी प्रसूती-लाभाचे विधेयक उचलून धरले, ते बाळंतिणीची जबाबदारी सरकारचीही आहे असे ठणकावूनच ना?

सिस्टर म्हणतात, मध्ये पडलो तर नवऱ्याकडचे अंगावर येतील. ही भीती खोटी नाही, उपकेंद्रात त्या एकट्या असतात. पण 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 4 प्रमाणे चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. मात्र बाईला विचारल्यावाचून कळवू नये.

वकील म्हणून आम्ही एवढेच सांगतो की, वर्षभराने कोर्टात सांगितलेल्या मारापेक्षा त्याच दिवशीच्या केसपेपरवरच्या दोन ओळी भारी पडतात. जखम कुठे, केवढी, बाईने नाव कोणाचे घेतले, हे सिस्टरने डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. तो कागद तिच्यासोबत घरी धाडू नये, नवऱ्याच्या हाती पडतो. 181 हा नंबर तिच्याकडून पाठ करून घ्यावा. संरक्षण अधिकाऱ्याचे नाव आणि फोन उपकेंद्राच्या भिंतीवर हवा. तो लिहिलेला आहे का, हे आपल्या महिला मंडळांनी येत्या लसीकरणाच्या दिवशी जाऊन पाहावे.