माल्टाची सफर : काही सूचना आणि एक विचार

ब्रिटनमधील आपल्या कुटुंबांत उन्हाळ्याच्या रजेचा विषय निघाला म्हणजे मुंबईस जावे की इस्राएलला, हाच प्रश्न बहुधा पुढे येतो. दोन्हीकडे आप्तेष्ट आहेत, आणि भेटीगाठींतच रजा संपून जाते. ज्यांना एखादे वर्ष थोडा निवांतपणा हवा असेल, त्यांना आम्ही भूमध्य समुद्रातील माल्टा हा देश सुचवू इच्छितो. लंडनहून विमानाने तेथे पोहोचण्यास सुमारे तीन तास लागतात. माल्टा, गोझो व कोमिनो ही बेटे मिळून क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या निम्म्याहून थोडे अधिक. दीडशेहून अधिक वर्षांच्या ब्रिटिश अमलानंतर १९६४ साली देश स्वतंत्र झाला. त्यामुळे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात, विजेचे प्लग इकडच्यासारखेच तीन दांड्यांचे असतात आणि इंग्रजी सर्वत्र चालते. चलन मात्र २००८ पासून युरो आहे.

प्रथम कागदपत्रांविषयी. माल्टा शेंगेन देशांपैकी एक आहे. ब्रिटिश पासपोर्ट प्रवेशाच्या दिवशी दहा वर्षांच्या आत काढलेला असावा आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा. ज्या वडीलधाऱ्यांनी अद्याप भारतीय पासपोर्ट ठेवला आहे, त्यांना शेंगेनचा व्हिसा वेगळा घ्यावा लागतो. ब्रिटनमधील कायम वास्तव्याचा परवाना त्या कामी पुरेसा नाही. तिकिटे काढण्यापूर्वीच ही तजवीज करावी. जुलै व ऑगस्टमधील ऊन वृद्धांना व लहान मुलांना सोसत नाही. एप्रिल, मे किंवा सणांनंतरचा ऑक्टोबर उत्तम.

जेवणाखाणाची काळजी आपल्या गृहिणींना प्रथम वाटते, आणि ते योग्यच आहे. माल्टाचे राष्ट्रीय पक्वान्न म्हणजे सशाचे मांस. ते आपल्याला वर्ज्य. रस्तोरस्ती मिळणारे 'पस्तिझ्झी' हे रिकोटा चीज किंवा वाटाणे भरलेले खुसखुशीत पदार्थ मोह पाडतात, पण ते कोणत्या चरबीत केले आहेत हे विचारल्यावाचून घेऊ नयेत. ब्रिटनमधून मांस व दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेण्यास मनाई असल्याने कोशेर मटण बरोबर नेता येत नाही. तेव्हा स्वयंपाकघर असलेली जागा भाड्याने घ्यावी आणि मासळीवर भर द्यावा. शरद ऋतूत 'लाम्पुकी' नावाचा, पर व खवले असलेला मासा मुबलक मिळतो. घरचा मसाला आणि नारळाच्या दुधाची पूड बरोबर असली म्हणजे त्याची कढी अगदी अलिबागच्या चवीची होते. टोमॅटो चोळलेल्या पावावर ऑलिव्हचे तेल घालून खाण्याचीही तेथे रीत आहे. शनिवार तेल्यांच्या वंशजांना ती आवडल्यावाचून राहणार नाही.

यहुदी समाज तेथे अगदी लहान आहे. शब्बाथच्या प्रार्थनेची इच्छा असणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच त्यांच्याशी पत्रव्यवहार करावा. शब्बाथसाठी व्हॅलेटा या राजधानीत मुक्काम ठेवणे सोयीचे. शहर आटोपशीर असून सारे पायी पाहता येते. रविवारी मार्साश्लोक बंदरातला बाजार पाहावा. तेथील रंगीत होड्यांच्या नाळेवर दोन डोळे काढलेले असतात. कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्यांची पावले तेथे आपोआप रेंगाळतील.

आपल्या इतिहासाच्या खुणाही पाहाव्यात. रबात गावातील भुयारी दफनभूमीत दीड हजार वर्षांपूर्वीच्या यहुदी कबरींवर मेनोरा कोरलेली आहे. १४९२ साली स्पेनच्या राजाज्ञेने सिसिलीबरोबर येथील यहुद्यांनाही घर सोडावे लागले. पुढे सेंट जॉनच्या सरदारांच्या राज्यात यहुदी येथे आले ते बहुतांशी समुद्रात पकडलेले गुलाम म्हणून. व्हेनिसच्या यहुद्यांनी पिद्योन शेवुयीमसाठी निधी उभारून कित्येकांना सोडविले. १८७८ साली रशियाशी युद्धाची शक्यता दिसताच इंग्रज सरकारने हिंदुस्थानातून हजारो शिपाई माल्टास आणले. त्यांत मुंबई लष्कराच्याही पलटणी होत्या. त्या लष्करात आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्पिढ्या सुभेदारीपर्यंत नोकऱ्या केल्या, हे येथे स्मरावे.

परंतु या बेटावर आम्हांस सर्वांत मोलाची वाटली ती तेथील भाषा. माल्टी भाषा अरबीपासून निघाली, म्हणून ती हिब्रूची नातलग. सिद्दूर वाचणाऱ्या मुलाला तेथे चार, पाच, सात मोजताना 'एर्बा, हम्सा, सेबा' ऐकून आपले 'अर्बा, हमिशा, शिवआ' आठवेल. डोक्याला 'रास', म्हणजे आपले 'रोश'. 'आय्न तुफ्फीहा' नावाच्या किनाऱ्यात 'अयिन' आणि रोश हशानाचे 'तप्पुआह' दोन्ही सापडतात. लोक कट्टर कॅथलिक, पण देवाला 'अल्ला' म्हणतात!

हीच भाषा शतकानुशतके स्वयंपाकघराची व बाजाराची म्हणून हिणवली गेली. न्यायालयात व सुशिक्षितांत इटालियन चाले. मिकिएल आन्तॉन वासाल्ली यांनी १७९६ साली तिचा कोश छापला. १९२० साली लेखकांनी संस्था स्थापून शुद्धलेखनाचे नियम बांधण्याचे काम हाती घेतले. १९३४ साली इंग्रजीबरोबर ती राजभाषा झाली, आणि २००४ साली युरोपीय संघाची अधिकृत भाषा. एवढे झाले तरी तेथील पालकांना मुले इंग्रजीकडे ओढली जात असल्याची चिंता आहेच. तरीही दुकानदार आपल्याशी इंग्रजीत बोलतो आणि लगेच वळून स्वतःच्या मुलाशी माल्टीत बोलतो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

वाचकहो, आपल्या घरांत काय घडते? १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह हगादा छापणारा आपला समाज; आज ब्रिटनमध्ये पेसाहच्या रात्री ती मराठी किती घरांत वाचली जाते? आजी मराठीत विचारते आणि नातवंडे इंग्रजीत उत्तर देतात. माल्टी भाषेच्या पाठीशी शाळा, वर्तमानपत्रे आणि राज्य आहे. आपल्या मुलांच्या मराठीला मात्र घराखेरीज आधार नाही. म्हणून आमची सूचना अशी की या सफरीच्या आठ दिवसांत तरी कुटुंबाने आपसांत मराठीतच बोलावे. मासळी घेताना, बोटीत बसताना, तटावरून समुद्र पाहताना मुलांना शब्द सुचवावेत. चुकले तर हसू नये. आजी बरोबर असेल तर हे काम तिच्याकडे सोपवावे. तिच्याइतका चांगला शिक्षक आपणांस दुसरा मिळावयाचा नाही.