बंगळुरूतला चंद्र आणि जमिनीवरचे घुसखोर

बंगळुरूत मराठहळ्ळीजवळच्या इस्रोच्या केंद्रात चंद्राची जमीन अंथरलेली आहे. माती तमिळनाडूची. नामक्कल जिल्ह्यात सित्तमपुंडीच्या परिसरात ॲनोर्थोसाइट हा खडक सापडतो. चंद्राचे उंचवटे याच जातीच्या खडकाचे. तो दळून त्याची पूड केली. ती बनवण्याच्या पद्धतीला २०२० मध्ये पेटंटही मिळालं. त्या मातीवर रोव्हर चालवताना हेलियमचा फुगा त्याला वर ओढून धरतो, म्हणजे चाकांवर एक षष्ठांशच भार येतो.

एवढी तालीम करूनही चांद्रयान-३चा रोव्हर प्रज्ञान फारसा स्वतंत्र नव्हता, हे कौतुकाच्या भरात विसरलं जातं. २३ ऑगस्ट २०२३ ला त्याला घेऊन जाणारा लँडर विक्रम चंद्रावर स्वतःच्या हुशारीने उतरला. खड्डे टाळून जागा निवडायचं काम त्याच्याच कॅमेऱ्याचं आणि संगणकाचं. रोव्हरची वाट मात्र बंगळुरूत ठरायची. त्याने फोटो पाठवायचे, इथे जमिनीचा उंचसखल नकाशा बनायचा, मग आज्ञा जायची. २७ ऑगस्टला तीन मीटर पुढे चार मीटर व्यासाचा खड्डा दिसला, तेव्हा माघारी फिरायचा हुकूमही इथूनच गेला.

म्हणजे रोव्हरचा ताबा चोरायला चंद्रावर जायची गरजच नाही, जमिनीवरची यंत्रणा गाठली की पुरे. २४ फेब्रुवारी २०२२ ला, युक्रेनवर रशियन फौजा चालून गेल्या त्याच दिवशी, व्हायासॅट कंपनीचं उपग्रह-इंटरनेट कोलमडलं. उपग्रह धडधाकट होता. घुसखोर जमिनीवरच्या यंत्रणेत शिरले आणि त्यांनी हजारो मोडेम निकामी केले. मध्य युरोपात ५,८०० पवनचक्क्यांचा दूरसंपर्क तुटला. इस्रोवर रोज शंभराहून जास्त सायबर हल्ले होतात, असं तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी २०२३ मध्येच कोचीत सांगितलं होतं.

आज्ञा खरी आहे की नाही, हे ओळखायला तिच्यावर गणिती शिक्का मारता येतो. सोबत अनुक्रमांक असला की कालची खरी आज्ञा चोरून आज पुन्हा पाठवण्याचा डावही फसतो. उद्या रोव्हर किंवा तळ सांभाळणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेचं दुखणं मात्र वेगळं. तिला खोटी आज्ञा द्यावीच लागत नाही. शिकवताना चार खोटे फोटो मिसळा किंवा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा कमी दाखवा. ती इमानेइतबारे चुकीचा निर्णय घेईल. चंद्रावर माणसं राहणाऱ्या तळावर ही चूक श्वासावर बेतते.

तळाची तालीमही सुरू झाली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये लडाखच्या त्सो कार खोऱ्यात बंगळुरूच्याच प्रोटोप्लॅनेट कंपनीने उभारलेल्या ‘होप’ या आठ मीटर व्यासाच्या घरात दोघे जण दहा दिवस राहिले. भर होता तो शरीर आणि मन एकांत कसा सोसतात यावर. रास्तच आहे. पण अशा पुढच्या मुक्कामात एखाद्या रात्री पडद्यावर मुद्दाम खोटा आकडा सोडावा आणि आधी कोण चपापतं ते बघावं, यंत्र की माणूस. तेही आत राहणाऱ्यांना तारीख न सांगता.