अठराच्या आतलं बेसबॉल

हुबळी-धारवाड रस्त्यावरच्या रायापूरमधल्या क्रिकेटवेड्या मुलालाही हा खेळ लवकर उमगेल. क्रिकेटची खेळपट्टी 20.12 मीटर, तर बेसबॉलचा पिचर 18.44 मीटरवरून फेकतो आणि चेंडू टप्पा न पडता येतो. विचार करायला वेळच कुठे?

अठरा वर्षांखालील मुलांचा बेसबॉल विश्वचषक 1981 मध्ये अमेरिकेत सुरू झाला. आता सामने सात डावांचे असतात. 2023 मध्ये तैवानमध्ये जपानने यजमानांना अंतिम सामन्यात 2-1 असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं.

भारतात गुणांची वाण नाही. उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांच्याशी 2008 मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी बेसबॉल संघाने करार केला, तेव्हा दोघंही विशीच्या आतबाहेर होते. शाळांनी आपल्या मैदानांवर हा खेळ जरूर आणावा.