पाठीवरची काळी पट्टी

नवी मुंबईतल्या महापे एमआयडीसीत कुठल्याही बऱ्यापैकी मोठ्या आवारात शिरा, गेटवरच्या केबिनमध्ये बहुधा एक टॅब्लेट पुढे केला जातो. नाव टाका, मोबाइल नंबर टाका, कुणाकडे काम आहे ते निवडा, फोटो काढून घ्या. आत स्टोअरमध्ये मालाची मोजदाद तशाच एखाद्या टॅब्लेटवर चालते आणि मेंटेनन्सवाल्यांचं लॉगबुकही त्यावरच असतं. ही यंत्रं बहुतेक जुनीच असतात. साहेबांच्या टेबलावरून उतरली की स्टोअरला जातात, स्टोअरमधून गेटवर, आणि तिथूनही निघाली की सेकंडहँड बाजारात.

त्या बाजारात दोन आयपॅड 2 शेजारी शेजारी ठेवलेले पाहावेत. स्क्रीन तोच, बटणं तीच, प्रोसेसरही तोच. पालथे केले की फरक दिसतो. एकाची पाठ सबंध ॲल्युमिनियमची, तर दुसऱ्याच्या पाठीवर वरच्या कडेला काळ्या प्लॅस्टिकची एक पट्टी. 29 एप्रिल 2011 रोजी हा आयपॅड भारतात विक्रीला आला तेव्हा 16 जीबीच्या वाय-फाय मॉडेलची किंमत 29,500 रुपये होती आणि पट्टीवाल्या 3जी मॉडेलची 36,900. म्हणजे 7,400 रुपये त्या पट्टीखालच्या सामानाचे. त्या सामानाचं आज काय उरलंय, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण त्याचं उत्तर टॅब्लेटच्या आत कमी आणि बाहेरच्या हवेत जास्त आहे.

आधी पट्टीचं पाहू. धातूतून रेडिओलहरी आरपार जात नाहीत. अँटेनाला बाहेर बघायला खिडकी लागते आणि ती किती मोठी हवी हे तरंगलांबीवर ठरतं. वाय-फायची 2.4 गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची, तिच्या पाव लांबीचा अँटेना तीन सेंटिमीटरच्या आसपास बसतो. मोबाइलची 850 मेगाहर्ट्झची लहर पस्तीस सेंटिमीटरची, तिचा पाव भाग नऊ सेंटिमीटरच्या जवळ जातो. एवढ्या अँटेनासाठी ॲल्युमिनियम कापून तिथे प्लॅस्टिक बसवावंच लागलं.

पट्टीच्या आत मॉडेम आणि सिमकार्डाचा ट्रे असतो, हे सगळ्यांना माहीत असतं. जीपीएसचा रिसीव्हरही फक्त याच मॉडेलमध्ये असतो, हे मात्र दुकानदारही बरेचदा सांगत नाही. आयपॅडच्या वाय-फाय मॉडेलमध्ये जीपीएस कधीच नव्हतं. मॉडेमबरोबर ते सोयीनं येतं, म्हणून तिकडेच बसवलं गेलं. सगळ्या कंपन्यांनी असं केलं नाही. गुगलच्या 2012 च्या नेक्सस 7 मध्ये नुसत्या वाय-फाय मॉडेललाही जीपीएस होतं. म्हणून जुना टॅब्लेट घेताना मॉडेलवार तपासावं, सरसकट अंदाज बांधू नये.

मग वाय-फायवाल्या आयपॅडवर नकाशा उघडला की निळा ठिपका महाप्यातच कसा दिसतो? तो आजूबाजूचे राउटर ऐकतो. प्रत्येक राउटर आपला स्वतंत्र क्रमांक सतत हवेत सोडत असतो आणि कुठला क्रमांक कुठे ऐकू येतो याची भलीमोठी यादी कंपन्यांनी जमवून ठेवलेली असते. टॅब्लेट ऐकलेले क्रमांक त्या यादीशी जुळवतो. मिलेनियम बिझनेस पार्कसारख्या गजबजलेल्या ठिकाणी एका जागी उभं राहून अनेक राउटर ऐकू येतात, त्यामुळे ठिपका बऱ्यापैकी अचूक बसतो. एखाद्या कंपनीने ऑफिस पुण्याला हलवलं आणि राउटरही सोबत नेला, तर मात्र यादी दुरुस्त होईपर्यंत त्या राउटरजवळचा टॅब्लेट स्वतःला महाप्यात समजू शकतो. आणि महाप्याहून शिळफाट्याकडे निघालात, रस्ता पारसिकच्या डोंगरात शिरला, की राउटर विरळ होतात आणि ठिपका घोटाळायला लागतो. त्या रस्त्यावरच्या ट्रकमध्ये टॅब्लेट लावायचा असेल, तर पट्टीवालाच हवा.

जीपीएसला सिमकार्ड लागत नाही. उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून 1575.42 मेगाहर्ट्झवर बोलतात आणि ते कुणीही फुकट ऐकू शकतं. अडचण त्यांच्या संथपणाची आहे. ते सेकंदाला फक्त 50 बिट या गतीने माहिती देतात. एका उपग्रहाने स्वतःची अचूक कक्षा पूर्ण सांगायला अर्धं मिनिट जातं आणि साऱ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक ऐकायला साडेबारा मिनिटं. मोबाइलचं नेटवर्क हीच माहिती क्षणात हातात देतं, म्हणून फोनवर ठिकाण लगेच उमटतं. सिम नसलेल्या जुन्या टॅब्लेटला ती उपग्रहाकडूनच ऐकावी लागते. त्याला मोकळ्या आकाशाखाली ठेवून धीर धरावा लागतो, एवढंच.

जीपीएसचं आणखी एक प्रकरण जुन्या आयपॅडवाल्यांनी लक्षात ठेवावं असं आहे. जीपीएस तारीख आठवड्यांत मोजतं आणि आठवड्याच्या आकड्याला दहा बिट दिलेले आहेत. त्यामुळे 1,024 आठवडे, म्हणजे साधारण 19.6 वर्षं झाली की मोजणी पुन्हा शून्यावर येते. ऑगस्ट 1999 आणि एप्रिल 2019 मध्ये तसं झालं. काही रिसीव्हरांनी मोजणीचा आरंभ आपल्या सोयीनं पुढे सरकवून ठेवला होता, त्यांची फेरी दुसऱ्याच दिवशी पूर्ण झाली. ॲपलच्या काही जुन्या यंत्रांत तो दिवस होता 3 नोव्हेंबर 2019. त्यानंतर दुरुस्ती न केलेला आयपॅड 2 आपलं ठिकाण नीट सांगू शकत नव्हता. ॲपलने आठ वर्षं जुन्या यंत्रासाठी आयओएस 9.3.6 काढलं, ही मला कौतुकाची गोष्ट वाटते. आणि ते फक्त पट्टीवाल्या मॉडेलसाठी होतं. वाय-फाय मॉडेलमध्ये जीपीएसच नसल्याने त्याला कसली बाधा झाली नाही, ते 9.3.5 वरच थांबलं. आयपॅड अद्ययावत केलेला असेल, तर सेटिंगमधला तो शेवटचा आकडा पाहूनही, पालथं न घालता, दोन्ही मॉडेलं ओळखता येतात.

आता मॉडेम. आयपॅड 2 चा मॉडेम 3जी आणि 2जी जाणतो, 4जी नाही. भारतात 3जीच्या लहरींचा लिलाव 2010 च्या मे महिन्यात संपला आणि सरकारला सुमारे 67,719 कोटी रुपये मिळाले. नवी मुंबई दूरसंचाराच्या हिशेबात मुंबई परिमंडळात येते. तिथे रिलायन्स कम्युनिकेशन्स, व्होडाफोन आणि एअरटेल यांनी बोली जिंकली, एमटीएनएलला त्याआधीच लहरी मिळाल्या होत्या. प्रत्येकाला जाण्यासाठी पाच आणि येण्यासाठी पाच मेगाहर्ट्झचा पट्टा. एवढे पैसे ओतलेली कंपनी त्या पट्ट्यातून जास्तीत जास्त काम काढून घेणार हे उघडच आहे. त्याच पाच मेगाहर्ट्झमध्ये 4जी बसवलं की कितीतरी जास्त माहिती वाहते. 5 सप्टेंबर 2016 रोजी, महाप्याच्या शेजारी घणसोलीत ज्याचा मोठा पसारा आहे ते जिओ सुरू झालं आणि त्याने 2जी, 3जी ठेवलंच नाही. एअरटेलने 2019 मध्ये कोलकात्यापासून 3जी बंद करायला घेतलं, व्होडाफोन आयडियानेही टप्प्याटप्प्याने 3जीच्या लहरी 4जीकडे वळवल्या. आयपॅडचा मॉडेम आजही ठणठणीत असेल. त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणारे मनोरेच उरले नाहीत, तर तो काय करणार?

उरतं 2जी. त्यावर सारं अनुकूल असताना चार टाइमस्लॉट मिळाले, तर सेकंदाला 237 किलोबिट वेग मिळतो. आजचं दोन एमबीचं एक वेबपान उतरवायला त्या वेगाने मिनिटाहून जास्त लागेल. मजकुरापुरता निरोप पाठवायला ते पुरतं, त्यापुढे नाही.

4जी लिहिलेला जुना टॅब्लेटही डोळे मिटून घेऊ नये. मार्च 2012 मध्ये आलेला तिसरा आयपॅड ‘वाय-फाय + 4जी’ या नावाने विकला गेला. त्याचं 4जी अमेरिकेतल्या 700 आणि 2100 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांसाठी घडवलेलं होतं. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने कोर्टात धाव घेतली, कारण तिथलं 4जी 1800 वर चालत होतं. ॲपलला साडेबावीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला आणि नाव बदलून ‘वाय-फाय + सेल्युलर’ करावं लागलं. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये एअरटेलने कोलकात्यात देशातलं पहिलं 4जी 2300 मेगाहर्ट्झवर सुरू केलं. तो आयपॅड त्याच्याशीही बोलू शकत नव्हता. जिओ 850, 1800 आणि 2300 या तीन पट्ट्यांवर 4जी देतं. 2013 चा पहिला आयपॅड एअर यांपैकी पहिले दोन पट्टे ऐकतो, 2014 चा आयपॅड एअर 2 तिन्ही. एका वर्षाच्या अंतराने आलेल्या दोन यंत्रांत एवढा फरक, आणि तो खोक्यावर मोठ्या अक्षरांत कुठेही छापलेला नसतो.

वाय-फायचं मात्र वेगळं घडलं, आणि त्यामागची अभियांत्रिकी मला फार देखणी वाटते. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात 2005 पासून परवान्याविना वापरता येतो. तो कुणाच्या मालकीचा नाही, म्हणून जुन्या यंत्रांना तिथून हुसकावून लावण्यात कुणाचा फायदाही नाही. सगळ्यांनी एकमेकांना सांभाळून घ्यायचं, असा नियमच मानकात लिहिलेला आहे. आज बसवलेला वाय-फाय 6 चा राउटर आपला प्रत्येक निरोप सुरू करताना आधी 20 मायक्रोसेकंद जुन्या बोलीत बोलतो. त्या क्षणार्धात 2003 च्या मानकाचं यंत्रही समजून घेतं की कुणीतरी बोलायला लागलंय आणि ते इतका वेळ चालणार आहे, तेवढा वेळ आपण गप्प राहायचं. पुढचा नवा मजकूर त्याला कळत नाही, पण मध्ये बोलून ते तो बिघडवतही नाही. शिवाय अनेक राउटर ‘मी इथे आहे’ ही हाक आजही सेकंदाला 1 मेगाबिट या, म्हणजे 1997 च्या पहिल्या मानकातल्या वेगाने देतात. म्हणूनच 2011 चा टॅब्लेट महाप्याच्या गेटवर आजही नेटला जोडला जातो. राउटरवर नुसती डब्ल्यूपीए3 सुरक्षा लावली, किंवा टॅब्लेट फक्त 2.4 चा पट्टा ऐकणारा असून तो पट्टाच बंद केला, तरच त्याचा नाइलाज होतो.

आपल्याकडे वाय-फाय की मोबाइल नेटवर्क, या दोन रस्त्यांची निवड एकदा राष्ट्रीय पातळीवर झाली होती. 5 ऑक्टोबर 2011 रोजी दिल्लीत विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त सरकारी ‘आकाश’ टॅब्लेटचं अनावरण झालं. 366 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, 256 एमबी रॅम, सात इंची पडदा. विद्यार्थ्यांसाठीच्या आकाशला फक्त वाय-फाय होतं. तो बनवणाऱ्या डेटाविंड कंपनीने बाजारासाठी काढलेल्या युबीस्लेट 7 ला वाय-फायबरोबर जीपीआरएस, म्हणजे 2जीवरचं संथ इंटरनेटही होतं, किंमत 2,999 रुपये. पुढे आकाश 2 ची जबाबदारी खाडीपलीकडच्या पवईतल्या आयआयटी मुंबईने घेतली, प्रा. दीपक फाटक त्यात पुढे होते, आणि ते टॅब्लेट अभियांत्रिकी महाविद्यालयांत पोचले. वाय-फायचा रस्ता तांत्रिकदृष्ट्या जास्त टिकाऊ होता हे खरं. पण त्यासाठी वर्गात वाय-फाय हवं. त्या वर्षांत किती महाविद्यालयांत, किती वसतिगृहांत ते होतं? घरी तर बहुतेकांकडे नव्हतंच. गावातल्या मुलाला तेव्हा संथ का होईना, जीपीआरएसनेच हात दिला असता. इतक्या वर्षांनी मागे वळून पाहताना वाय-फाय बरोबर ठरलं म्हणणं सोपं आहे. त्या मुलाचं शिक्षण मात्र त्याच वर्षी चाललेलं होतं.

आज फोनचा हॉटस्पॉट हाताशी असल्याने मॉडेमची उणीव बऱ्यापैकी भरून निघते. तिथेही एक गोम आहे. 4जीचा एक पट्टा 2300 ते 2400 मेगाहर्ट्झचा आणि वाय-फाय सुरू होतं 2400 पासून, अगदी भिंतीला भिंत लावून. एकाच फोनमध्ये दोन्ही रेडिओ एकदम चालले तर एकाचा आवाज दुसऱ्यात शिरतो. तो गाळण्यासाठी चांगले फिल्टर लागतात आणि स्वस्त यंत्रांत ते बेताचेच असतात. हॉटस्पॉट 5 गिगाहर्ट्झवर टाकला की हा त्रास टळतो, आणि पहिल्या आयपॅडपासून सगळे आयपॅड तो पट्टा ऐकतात. एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये फोन कुठे ठेवायचा यालाही महत्त्व आहे. पत्रा लहरी अडवतो, पण उजेडासाठी छतात मधूनमधून बसवलेल्या फायबरच्या पन्हाळी शीटमधून त्या आत उतरतात. फोन त्या शीटखाली ठेवून पाहावा.

गेटवर किंवा स्टोअरमध्ये जिथे राउटर आहेच, तिथे साधं वाय-फाय मॉडेल घ्यावं, पट्टीसाठी जादा पैसे मोजू नयेत. गाडीत किंवा साइटवर न्यायचं असेल तर पट्टीवालं घ्यावं, सिम न घालता फक्त जीपीएससाठी घेतलं तरी चालेल. घेण्याआधी पाठीवर बारीक अक्षरांत छापलेला मॉडेल क्रमांक वाचून त्याचे पट्टे पाहावेत. आयओएस 9 वर अडकलेल्या आयपॅडवर, मॉडेल कुठलंही असो, सप्टेंबर 2021 नंतर कित्येक वेबसाइट सुरक्षा प्रमाणपत्राच्या कारणाने उघडत नाहीत, हेही दुकानातच एक-दोन साइट उघडून पाहावं. आणि जीपीएस तपासायचं तर वाय-फाय बंद करून, आधी साठवलेला नकाशा उघडून दुकानाबाहेर मोकळ्यावर उभं राहावं. पंधरा मिनिटांत ठिपका जागेवर आला नाही, तर तो टॅब्लेट परत द्यावा.